शिसपेन्सिलीने जोडलेली फांदी

मी, विश्राम अनंत पेंडूरकर, वय अडुसष्ट, पूर्वी शाळामास्तर आणि पुढे लोकांच्या वंशावळी मांडून देणारा, राहणार मसुरे, वरचे घर, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीर थकले आहे, मनही थकले आहे, पण थकलेला माणूस भ्रमिष्ट धरावा असा कायदा अजून आलेला नाही. येईपर्यंत हे पुरे करावे म्हणतो.

मी लग्न केले नाही. मला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ वारला, त्याचा मुलगा गुरुदास माझ्याजवळ वाढला.

कलम पहिले. राहते घर, घरामागचे माड आणि विहिरीतला माझा हिस्सा गुरुदासला द्यावा. पडवीचे छप्पर त्याने यंदा तरी शाकारून घ्यावे. दर साली सांगतो, दर साली तो "बघूया, काका" म्हणतो. आता सांगणारा नसेल, तेव्हा तरी त्याला ऐकू येईल.

कलम दुसरे. माझी भिंगे, टाक, दौती आणि मोडी वाचण्यासाठी मी करून ठेवलेले तक्ते माझ्या जुन्या शाळेला द्यावेत. माझे स्नेही ह्युबर्ट लोबो या मृत्युपत्राचे व्यवस्थापक; ते साक्षीदारही आहेत, म्हणून त्यांना काही ठेवता येत नाही. त्यांनी आपल्या घराण्याची वंशावळ करायला घेतली, तेव्हा त्यांच्या आज्याच्या बाप्तिस्म्याची नोंद गोव्यात होती आणि मध्ये सरहद्द होती. सरहद्द गेली. हे आशेने गेले, तर तिथे सांगण्यात आले की आधी तुम्ही त्याचे नातू असल्याचा पुरावा आणा. परत आल्यावर माझ्या पडवीत बसून म्हणाले, "मास्तरांनू, पुराव्यासाठीच गेल्लंय मां मी!" त्या दिवशी आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पुन्हा त्यांनी त्या वंशावळीला हात लावला नाही.

कलम तिसरे. ट्रंकेतल्या वंशावळीच्या गुंडाळ्या ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवाव्यात. अर्धवट आहेत त्यांवर मी तसे लिहिले आहे. त्या पुऱ्या होणार नाहीत, कोणी वाट पाहू नये. पूर्वी जन्ममृत्यूची जुनी दफ्तरे कचेरीत बसून चाळता येत. कारकून चहासुद्धा विचारी. मग कुळकायद्याचे दावे सुरू झाले, कोणी तरी कोणाचे तरी पान फाडून नेले, आणि वरून हुकूम आला की नोंद फक्त संबंधित माणसाला किंवा त्याच्या वारसाला दाखवावी. संबंधित माणसे तर सगळी मेलेली. हुकूम काढणाऱ्याचे चुकले असे मी म्हणत नाही. पान फाडणाऱ्याला मात्र मी क्षमा केलेली नाही, ही नोंद असावी.

कलम चौथे. माझा सागवानी बाक कचेरीला द्यावा आणि दफ्तरखान्याच्या दाराबाहेर ठेवावा अशी विनंती करावी. तिथे परत पाठवलेल्या माणसांना टेकायला काही नाही. मी त्या भिंतीला पाठ लावून पुष्कळ उभा राहिलो आहे.

कलम पाचवे, आणि हेच खरे कलम. बाकीचे दोन ओळींत भागले असते.

आमच्या वाडीत पेंडूरकरांची दोन घरे. वरचे घर आमचे. खालच्या घरात आज कावेरी आणि तिने सांभाळलेली तिच्या मयत भावाची मुलगी लीला, एवढीच माणसे आहेत. दोन्ही घरे एकमेकांचे सुतक धरतात, म्हणजे एकाच्या घरी मृत्यू झाला की दुसऱ्याच्या देवाची पूजा बंद. म्हणून ती भावकी. भावकीत सोयरीक होत नाही.

कावेरीशी लग्न करायचे असे मी तरुणपणी घरात बोललो. वडिलांनी मला मारले नाही, फक्त जेवता जेवता हात धुऊन उठले. तिच्या घरी काय झाले ते तिने कधी सांगितले नाही. तिनेही लग्न केले नाही. वाडीच्या हिशेबाने मी तिचा भाऊ, पण तिने मला कधी दादा म्हटले नाही आणि नावानेही हाक मारली नाही. दर भाऊबीजेला मी घरी असतो. तिने मला कधी ओवाळले नाही, गेल्या आठवड्यातही नाही. याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

आम्ही दोघे चाळिशी ओलांडून गेल्यावर माझी आनंदी आते आजारी पडली. मी उशाशी बसलो असताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "पटकीच्या सालात आमच्या घरातल्यांका खांदो देवक कोण उरलो नाय. तेव्हा खालच्या राघोबान खांदो दिल्यान. खांदो दिल्यान म्हणान सुतक धरल्यान, नि सुतक धरल्यान म्हणान भाव झालो. तो मूळचो बांद्याचो." राघोबा म्हणजे कावेरीचा पणजा. पटकीच्या साथीने जाणती माणसे नेली, मागे मुले उरली. मुलांनी त्याला आमच्या मयतांचे सुतक पाळताना पाहिले आणि पुढे आपणही त्याचे पाळले; त्याच्या घरालाही पेंडूरकर हेच नाव पडले. एका भल्या माणसाने केलेल्या उपकाराचे नाते झाले आणि ते आमच्या दोघांच्या आड आले. मला राघोबाचा राग येत नाही. येत असता तर बरे झाले असते.

आते गेली. ऐकीव गोष्ट भावकीत कोण मानणार? राघोबा पुढे काही वर्षांनी वारला, त्याची नोंद दफ्तरात असणार आणि तिथे त्याचे आडनाव बांदेकर असणार. साल ठाऊक नव्हते, म्हणून मी सुटीसुटीत एकेक साल चाळत गेलो. वंशावळीचा नाद मला तिथेच लागला. लोकांना वाटे, मास्तर विद्वान. मी शोधत होतो एकच नाव. ते सापडण्याआधी हुकूम आला.

कारकुनाने विचारले, "तुम्ही या राघोबाचे वारस आहात का?"

होय म्हटले असते तर दफ्तर उघडले असते. पण आम्ही एका रक्ताचे नाही हे पाहण्यासाठी आधी एका रक्ताचे आहोत असे लिहून द्यावे लागणार होते. मी म्हटले, "नाही." चारचौघांत हे मी तेवढे एकदाच मोठ्याने बोललो. मला बरे वाटले. मग मी घरी आलो.

आता गुरुदास आणि लीला यांनी लग्नाचे काढून तेच आमच्यापुढे आणून ठेवले आहे. माझा चुलतभाऊ सत्यवान भावकीचे बघतो. तो म्हणाला, "सुतक धरता तो भाव. नायतर सरकारी कागद दाखव." कागदासाठी राघोबाच्या घरातील हयात वडीलधाऱ्याची सही हवी, म्हणजे कावेरीची. मी अर्ज लिहून तिच्याकडे नेला. ती भात पाखडत होती. तिने अर्ज वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाली, "कागदार भावकी निघाली तर पोरांचा लगीन मोडला. नाय निघाली, तर माजा ह्यां आयुष्य मी कोणाकडे परत मागू रे?"

मी अर्ज खिशात घातला आणि घरी आलो. मी तिला पुन्हा विचारले नाही आणि कोणीही विचारू नये.

पण पोरांचे आमच्यासारखे होऊ नये. म्हणून लिहून ठेवतो की माझ्या मृत्यूनंतर खालच्या घराने माझे सुतक धरू नये. वरच्या घरात आज सर्वांत वडील मी आहे. माझेच सुतक धरले नाही, तर सत्यवानाच्या स्वतःच्या तोंडच्या नियमाने भावकी सुटली. सुतकाने जे जोडले ते सुतकानेच सुटावे. त्याला कचेरी लागत नाही, नक्कल लागत नाही. मात्र हे कावेरीने आपल्या मनाने करायचे आहे. तिला ते जमले नाही तरी माझी तक्रार नाही.

कलम सहावे. आमच्या घराण्याची वंशावळ सत्यवानाला द्यावी. तिच्यात खालच्या घराची फांदी मी शिसपेन्सिलीने जोडली आहे. शाईने जोडायला माझा हात कधी वळला नाही. सोबत खोडरबर ठेवले आहे.

कलम सातवे. कावेरीला मी काहीही ठेवलेले नाही. वकील सांगतात की साक्षीदार नात्यातला नसावा आणि मृत्युपत्रात त्याला काही मिळत नसावे. एका साक्षीदाराची जागा मी मोकळी सोडून हा कागद ह्युबर्ट यांच्या हाती तिच्याकडे वाचायला पाठवत आहे. ती आली तर तिच्यासमोर सही करीन. आली नाही तर ह्युबर्ट पोस्टमास्तरांना बोलावून आणतील.

ठिकाण मसुरे, तारीख १२ नोव्हेंबर १९६४.

सही : विश्राम अनंत पेंडूरकर

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली :

१. ह्युबर्ट लोबो, राहणार मालवण. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : स्नेही.

२. कावेरी, राघोबा बांदेकर यांची पणती, राहणार मसुरे, खालचे घर. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते : भावकी नाही. सुतक धरणार नाही. रडू नये असे यात कुठे लिहिलेले नाही, मी दोनदा वाचून पाहिले.