चकतीचं आयुष्य

५ मे
बसमध्ये शेजारी शिराळ्याचे आप्पासो. फेब्रुवारीत मुलीच्या लग्नाला आमच्याच कंपनीचं हेलिकॉप्टर नेलं होतं. "आवं बाई, आख्खी भावकी फिरवली. एकवीस चकरा! पंख्याच्या वाऱ्यानं फेटं उडायचं, म्हणून पायलट दर चकरंला इंजिन बंद करायचा. लय गुणाचा."
मी हसले. माझ्या रजिस्टरात त्या दिवसापुढं 'एक' आहे.

६ मे
इंजिनात गरगर फिरणाऱ्या चकतीचं आयुष्य तासांवर नाही, फेऱ्यांवर. इंजिन चालू करून बंद केलं — एक फेरा. दर वेळी ती तापते, निवते, आतून थकते. वरून दिसत नाही. फेरे भरले की नव्यासारखी दिसली तरी काढायची. दहा वर्षं मी या नोंदी ठेवते.
रजिस्टरात चौदा फेरे शिल्लक. एकाच्या जागी एकवीस धरले, तर सहा जास्त झालेत. त्यावर माणसं उडाली.
काही वाटलं नाही. डबा खाल्ला. भेंडी होती.

७ मे
आकारामदादांना सांगितलं. सैन्यातून आलेले, इंजिनावर सही त्यांची. त्यांनी लगेच इंजिनाला लाल चिठ्ठी बांधली — उडवायचं नाही. मालक धवल धावत आला.
"उद्या कोयनानगरची ट्रिप आहे. सहा फेऱ्यांनी काय होतंय? परवा बदलू."
"चकती फुटली तर तिच्या तुकड्यास्नी कायबी अडवत न्हाई. तुमी बसताय का उद्या?"
धवल म्हणाला, "पायलटला घरी घालवतो. त्यानं फेरे लिहिलेच नसणार. होय ना मॅडम?"
मी होकारार्थी मान हलवली. का हलवली?

८ मे
पायलटची त्या लग्नाच्या दिवसाची चिठ्ठी काढली. तासांशेजारी स्वच्छ अक्षरात — 'इंजिन बंद-चालू: २१.'
त्यानं लिहिलं होतं. मी तास उतरवले आणि फेऱ्यांच्या रकान्यात एक टाकला. एक दिवस, एक फेरा. सवयीनं.
धवलला सांगितलं. "तुम्ही, संयोगिता मॅडम?" एवढंच. पायलटची नोकरी राहिली. माझ्याबद्दल अजून कोणी बोलत नाही.
आकारामदादा म्हणाले, "रडायचं असंल तर मागनं रड. आधी जुन्या चिठ्ठ्या काढ. सगळ्या."
रडू येत नव्हतंच.

१० मे
जुन्या चिठ्ठ्या संपल्या. असे आणखी अकरा दिवस सापडले. अकराही गेल्या वर्षी विकलेल्या हेलिकॉप्टरचे. त्याच्या चकतीचे फेरे विकण्याआधीच भरले होते. सोबत दिलेल्या रजिस्टरात मात्र साठ शिल्लक. अक्षर माझं.
नव्या मालकाच्या ऑफिसला फोन लावला. एका मुलीनं उचलला.
"ते आत्ताच उडालं, मॅडम. काही निरोप आहे का?"