भागूआत्या घसरली त्याची हकीकत

मु. कन्हेरी, ता. बारामती, सन १९५७

चि. सावळारामास रामहरीदादाचा आशीर्वाद. सुतक असल्यामुळं वर 'श्री' घातलेला नाही. 'इकडील सर्व क्षेम' एवढं मात्र हाताच्या सवयीनं लिहून गेलो, ते खोडलं आहे. डाग दिसेल, राग मानू नये. तुझी प्रकृती बरी असेल. रजा मिळत नाही ही तुझी तार पोचली. तुझ्या आईला, आमच्या भागूआत्याला, आम्ही तुझ्याशिवायच नेलं.

नेलं म्हणायचं एवढंच. (आपल्याकडं पाऊस बोलावूनही येत नाही, त्या दिवशी न बोलावता आला.) तू मुंबईच्या कारखान्यातून छपरासाठी पाठवलेली प्लास्टिकची दोन कापडं आत्यानं छपरावर कधी घातलीच नाहीत. लेकानं केलेली वस्तू पावसात कशाला घालायची, म्हणून पेटीत घडी करून ठेवली होती. ती मी काढली. एक तिरडीवर अंथरलं, एक आत्याला गुंडाळलं, वरून सुतळी. कुणीतरी म्हणालं, मुलगा नाही तर मुलाचं प्लास्टिक तरी आलं. (मला ते बोलणं आवडलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.)

ओढ्याचा उतार लागला तरी आत्या जागची हलली नाही. आणि मग कुणी काही न करता एकदम निघाली, ती सुतळीखालून सरकत पुढच्या खांदेकऱ्याच्या, आपल्या शेजारच्या आप्पाच्या, मानेवर दोन्ही पाय! बांधाच्या भांडणात 'लाथ घालीन' असं ती त्याला जन्मभर म्हणत आली होती. आप्पा ओरडला, "भागूबाई, चुकलं माझं! बांध तुमचाच हाय!" तिरडी खाली टेकवली. हसू कुणालाच आलं नाही. मला आलं, आणि त्याची अजून लाज वाटते.

मागं खांदा दिलेले सर्जेराव म्हणाले, "म्हातारीची इच्छा राहिलीया. लेकाची वाट बघतीया, त्याबिगर न्हाय जायची." सगळे माझ्याकडं बघू लागले. मी वाकून आत्याला नीट केलं आणि तिच्या कानाशी म्हणालो, "आत्या, सावळाराम दहाव्याला येतोय. पिंड त्योच ठेवणार हाय." तिरडी उचलली. पुढं सगळा उतार आत्या बोटभरसुद्धा सरकली नाही. माणसं रडली, आप्पा सगळ्यांत जास्त. तेव्हा तुझ्या नावानं शब्द गेलेला आहे, तो कळवावा म्हणून हे पत्र.

तुझा
रामहरीदादा

ता. क. तुझ्यापाशी खोटं कशाला? कानाशी वाकलो तेव्हा माझ्या डोक्यावरची गोणपाटाची खोळ मी आत्याच्या पाठीखाली सारली. गोणपाट धरतं. नंतर आत्या घसरली कशी ते बघायला तीच कापडं (तिरडीवरचं घरी आणू नये, ठाऊक आहे) घेऊन एक फळीवर अंथरलं, दुसऱ्यात वरवंटा गुंडाळून वर ठेवला. फळीचं एक टोक उचलत जावं, तो आपला बसलेला. मग कुठंतरी एखादा कोपरा सुटतो, दिसतो न दिसतो, आणि सगळंच निघतं. मग फळी थोडी खाली केली तरी थांबत नाही. तुझंही तसंच झालं. मुंबईला जाताना उंबऱ्याला धरून रडत होतास, आणि एकदा निघालास तो थांबलाच नाहीस. मला तुझा राग येतो, सावळाराम.

आणखी ता. क. गोणपाटाचं कुणापाशी बोलू नकोस. दहाव्याला पिंडाशी कावळा यायचा आहे, आणि त्याच्यापुढं गोणपाटाचा काही उपयोग नाही. तू ये.