डावीकडची हरणं

२ सप्टेंबर १९७९, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे फोटोग्राफर ठेवतात म्हणे.
कॅमेरा घेतला. झेनिट. रशियाहून नुकत्याच आलेल्या शेजाऱ्याकडून, सेकंडहँड. लेन्स मात्र स्वच्छ. बायको, मिरियाम, म्हणाली, फ्रीज गळतोय आणि तुम्हाला कॅमेरे सुचतात. तिला सांगितलं, फ्रीज कोणीही घेतो.
संकल्प: हनुक्काला, आमच्या दिव्यांच्या सणाला, इथे येरुहामच्या कम्युनिटी हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन आहे. त्यात माझी हरणं आणि जुने अवशेष लागणार. गावाबाहेरच्या पार्कात दोन्ही आहेत. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही!
भायखळ्याला मामाचा स्टुडिओ होता. मी तिथे पडदे ओढायचो. प्रकाशाची जाण तेव्हापासूनची.

७ सप्टेंबर, शुक्रवार
कारखान्यातल्या बायकांना सोडलं आणि व्हॅन तशीच पार्कात नेली. व्हॅन माझ्याच ताब्यात असते. इतकी वर्षं ड्रायव्हर आहे, कोणी विचारत नाही.
तळं आटत आलंय. काठावर खुरांचे ठसेच ठसे. हरणं नाहीत. मागच्या टेकाडावर पडक्या भिंती, एक कमान, पाणी साठवायच्या जुन्या विहिरी. इतकं शांत की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मधेच वाटलं, डाव्या बाजूला कोणी उभं आहे. वळून पाहिलं. कोणी नाही.
एक शोध लागला. व्ह्यूफाइंडरमधून जग जास्त चांगलं दिसतं. सगळं नीटनेटकं, काळ्या चौकटीत. उघड्या डोळ्यांनी हल्ली पसारा वाटतो.

११ सप्टेंबर, मंगळवार
मिरियाम घरातलं सामान हलवते आणि सांगत नाही. आज स्टूल दाराजवळ. नडगी फुटली. ती म्हणते, स्टूल लग्नापासून तिथेच आहे. आमचं लग्न मुंबईला झालं.
व्हॅनच्या डाव्या बाजूला नवा ओरखडा. पार्किंगमध्ये लोक गाड्या कशा लावतात देव जाणे.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
पुन्हा हरणं नाहीत. आर्मीच्या जीपगाड्यांनी पळवली असणार. अवशेषांचे फोटो काढले, भरपूर.
नाथानला बरोबर नेलं होतं. नाथान पॅकिंगला आहे. मुंबईहून आम्ही एकाच विमानानं आलो. त्याची बायको गेल्यापासून शुक्रवारी आमच्याकडेच जेवतो. मी फोटो काढत असताना तो दोनदा "अरे, अरे" म्हणाला. मी हात वर करून गप्प केलं. कलावंताला मधे बोलू नये. परत येताना विचारलं, काय होतं रे? म्हणाला, आता गेली.
कोण गेली ते विचारलं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी
आज एक सायकलवाला आभाळातून पडल्यासारखा व्हॅनपुढे आला. ब्रेक मारला. मागच्या बायका किंचाळल्या. तो हिब्रूत बरंच काही बोलला. आंधळा हा शब्द कळला.
ही आजकालची पोरं! हॉर्न नाही, घंटी नाही.
मागे बसणारी रूती उद्यापासून चालत येणार म्हणते. वजन कमी करायचं असेल.

२३ सप्टेंबर, रविवार
आमचं नवं वर्ष. लेकीला, पाझितला, सैन्यातून दोन दिवस रजा. आम्ही मराठीत बोलतो, ती हिब्रूत उत्तर देते, असं घर चाललंय.
मिरियामनं सणाचा चहा केला, वेलची घालून. ग्लास माझ्या कोपराला लागून फुटला. पाझित माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या डाव्या गालाशी बोटं नाचवत बसली. मी म्हटलं, काय माश्या हाकलतेस? तिनं हात खाली घेतला. नंतर स्वयंपाकघरात मायलेकी बराच वेळ हळू बोलत होत्या. पाणीही चालू ठेवलं होतं, मला ऐकू जाऊ नये म्हणून.
जेवताना मिरियाम म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून घ्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं लांबून वाचून दाखवली.

२ ऑक्टोबर, मंगळवार
काल किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस. उपास उत्तम. देवळात एक तमाशा झाला. प्रार्थना संपल्यावर आपल्या पद्धतीप्रमाणे हातबोशी, एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावायची, मनातलं सोडून द्यायचं. जोसेफ किहीमकर आणि माझं तीन वर्षं बोलणं नाही. तो म्हणे दोन्ही हात पुढे करून माझ्या शेजारी उभा राहिला, मी ढुंकून पाहिलं नाही आणि पुढे निघून गेलो. सगळ्या लोकांसमोर! त्याचे डोळे भरले असं मिरियाम सांगते.
मला तो दिसलाच नाही. गर्दीच तेवढी होती.
मिरियाम म्हणाली, गर्दी? अहो, शेवटचे तुम्ही दोघंच उरला होतात.
दिव्यांभोवती हल्ली रंगीत कडी दिसतात. कलावंताची नजर तयार होत असावी.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
पाझितनं बेर शेवाहून पहिल्या रोलचे प्रिंट आणले. मी व्हॅनचे आरसे पुसत होतो. ती पायऱ्यांवरूनच ओरडली, अब्बा, किती सुंदर हरणं!
म्हटलं, कुठली हरणं?
तिनं फोटो हातात दिले. पडक्या भिंतीचा फोटो: भिंतीच्या डाव्या टोकाला हरीण, मान उंच करून थेट माझ्याकडे बघतंय. कमानीचा फोटो: डावीकडे दोन. तळ्याच्या काठाचा, ज्यात मी रिकामी चिखलवाट काढली होती: कडेला अख्खा कळप, पाडसांसकट. जवळ. इतका जवळ की खडा टाकला असता तर लागला असता.
ती सगळी तिथे होती. मी एकही पाहिलं नव्हतं.
पाझितला सांगितलं, मुद्दाम कडेला घेतली, ह्याला कॉम्पोझिशन म्हणतात. तिनं फोटो हातात घेऊन माझ्या डाव्या बाजूला नेले आणि विचारलं, आता किती आहेत माझ्या हातात? मी चिडून आत गेलो.
पलंगावर पडून राहिलो. उपासाचा अशक्तपणा अजून गेला नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार
नीट विचार केला. हे वरदान आहे. मनात न आणताच हरणं फोटोत येतात. असं कोणाला जमतं?
मिरियामनं एलियाहू हनाबीच्या नावानं मलिद्याचा नवस बोलून ठेवलाय. कशासाठी ते सांगत नाही. प्रदर्शनासाठीच असणार.
फोरमननं बोलावून विचारलं, व्हॅनचा डावा आरसा कुठे गेला? म्हटलं, सकाळी होता. तो म्हणाला, चार दिवसांपासून नाही. त्याला सांगितलं, अनुभवी ड्रायव्हरला आरशाची गरज नसते. त्यानं डोळ्यांच्या तपासणीचं काढलं. हिवाळ्यात बघू म्हटलं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
जोसेफकडे जाऊन खुलासा करावा असं वाटलं. दारापर्यंत गेलो. काय सांगणार? दिसला नाहीस म्हणून? त्याचा अर्थ वेगळाच निघेल. परत आलो.
पुढच्या शुक्रवारी शेवटचा रोल. नुसते दगड असले की माप कळत नाही, माणूस हवा. नाथानला कोट घालून यायला सांगितलंय.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार
कसं लिहू.
सकाळी गेलो. आभाळ पिवळं, वारा पडलेला. नाथान कोट घालून आला होता, दाढी करून. कमानीपुढे उभा केला. फ्रेममध्ये चेहरा मोठा येत होता. म्हटलं, नाथान, जरा मागे. तो मागे झाला. अजून जरा. तो म्हणाला, "मागे काय आहे ते बघ हं." मी म्हटलं, "सपाट जमीन आहे. मी बघतोय ना."
तो म्हणाला, "बरं, तू बघतोयस तर."
बटण दाबलं. फिल्म पुढे सरकवली. पुन्हा डोळा लावला. व्ह्यूफाइंडरमध्ये आता नुसती कमान होती.
मला राग आला. वाटलं, गंमत करतोय, बाजूला जाऊन लपलाय. हाक मारली. फोटो बिघडवू नकोस म्हणून ओरडलोसुद्धा. मग त्याचा आवाज आला. जमिनीखालून.

२८ ऑक्टोबर, रविवार
नाथान बेर शेवाच्या हॉस्पिटलात. खुबा मोडलाय, दोन बरगड्या. जुन्या विहिरीत पडला. खाली गाळ होता म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा चालेल की नाही ते सांगत नाहीत.
नाथान सगळ्यांना सांगतो, माझाच पाय घसरला. म्हणजे पाय त्याचाच घसरला. तो स्वतःच म्हणतोय. विहिरीभोवती काही खूण नको का? कोणालाही दिसलं नसतं.
व्हॅन नेहमीप्रमाणे चालवली. मागे फक्त चार बायका होत्या. बाकीच्या चालत आल्या.

२ नोव्हेंबर, शुक्रवार
पाझितनं दुसऱ्या रोलचे प्रिंट आणले. आज पायऱ्यांवरून हाक नाही. आली, बूट काढले, माझ्यासमोर टेबलावर एकच फोटो ठेवला. डोळ्यांसमोर, बरोबर मधोमध.
नाथान. कोट, हसरा चेहरा. सुंदर फोकस. मी म्हटलं, बघ, कसा आलाय.
तिनं फोटो हळूहळू उजवीकडे सरकवला. फोटोचा डावा भाग माझ्या समोर आला. लोखंडी गज, त्यांना बांधलेला लाल दोर, एका जागी तुटून लोंबणारा. पिवळी पाटी. आणि नाथानच्या टाचेला लागून विहिरीचं काळं तोंड, आमच्या मोरीएवढं.
सगळं फ्रेममध्ये होतं. मी तिकडे बघतच होतो.
पाझितनं आज, इतक्या वर्षांनी, मराठीत विचारलं. तिचं मराठी लहान मुलासारखं आहे. "अब्बा, तू अजून गाडी चालवतो?"
मी म्हटलं, फिल्मचा दोष असतो कधीकधी.
ती रडली.

४ नोव्हेंबर, रविवार
दोघींचं तोंड बंद व्हावं म्हणून डॉक्टरकडे जायला कबूल झालोय. बेर शेवाला, मंगळवारी. कारखान्याचे खोके तिकडे पोचवायचेच आहेत, एका खेपेत दोन्ही कामं. तपासणी म्हणजे अक्षरं वाचणं. ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. मग नाथानकडे जाईन, त्याला सांगेन, डोळे खणखणीत आहेत, नशीब खोटं.

६ नोव्हेंबर, मंगळवार
अक्षरं वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत. मिरियामकडे विजयानं पाहिलं.
डॉक्टरीणबाई खूश दिसल्या नाहीत. डोळ्यांना काहीतरी लावून दाब मोजला, पुन्हा मोजला. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. मिरियामला बाहेर बसवलं. एक मोठं पांढरं भांडं, अर्ध्या टरबुजासारखं, त्यात तोंड घालून बसायचं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. कुठे प्रकाशाचा कण दिसला की हातातली घंटी दाबायची. आधी डावा डोळा.
बसलो. ठिपक्याकडे नजर ठेवली. शिस्तीत. पलीकडे बाई काहीतरी सरकवत होत्या, कागदावर पेन्सिल खरखरत होती. तयारी चालली असावी. मी घाई केली नाही. मान अवघडली, तरी हललो नाही.
बराच वेळ गेल्यावर नम्रपणे विचारलं, "सुरू कधी करणार?"
पेन्सिल थांबली. बाई हळूच म्हणाल्या, "डावा झाला."
मग उजवा. त्यात घंटी वाजवली काही वेळा. सगळ्या वेळा मधल्या ठिपक्याच्या आसपास.
दिवा लावल्यावर त्यांनी कागद दाखवला. गोल मोठा, त्यात माझं एवढंसं, मसुरीच्या डाळीसारखं. म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी सांभाळायचं, रोज, जन्मभर. काचबिंदू. नवीन नाही, कित्येक वर्षांचा.
विचारलं, काम काय करता?
सांगितलं.
पेन्सिल खाली ठेवली त्यांनी. "आज इथे कसे आलात?"
मी म्हटलं, व्हॅन खाली उभी आहे.
त्यांनी तळहात पुढे केला. मी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. एकदा हुकली, खाली पडली. त्यांनीच उचलली.
बाहेर मिरियाम उठून उभी राहिली. काय म्हणाल्या, म्हणून विचारलं.
मी म्हटलं, येरुहामची बस किती वाजता आहे, ते बघ.