शेवंताच्या करंजाला माझं पाणी

१४ जुलै २००२
आज वसाहतीची सभा. घरकुलं सरकारनं बांधून दिली, पण आता डागडुजी, विहीर, गटार, झाडं, सगळं आपलं आपणच बघायचं ठरलं. कमिटी झाली. अध्यक्ष कोण? शेवंता! माझी धाकटी जाऊ! मी सातवी पास, ती चौथी. माझं नाव कुणी काढलं पण नाय. मला नुसतं सदस्य केलं, तोंड गप करायला. आमच्या ह्यांनी पण तिच्यासाठी हात वर केला. घरी आल्यावर विचारलं तर म्हणतात, "सगल्यांनी केला, म्हणून केला." वा रे वा! भाकरी करपली ती तशीच वाढली.

२१ जुलै
शहापूरच्या संस्थेच्या बाई आल्या व्हत्या. घरं कमी तापतील असं काय काय शिकवतात. पत्र्याखाली बांबूचा विणलेला तट्ट्या लावा. प्रत्येक घराच्या मावळतीला एक करंज लावा, म्हणजे दुपारचं ऊन भिंतीवर येत नाय. मोरीचं पाणी गटारात सोडू नका, झाडाला द्या. मला पटलं. गेल्या मे महिन्यात आमी दुपारी घरात बसूच शकलो नाय, विहिरीवर जाऊन बसायचो.

मग शेवंतानं, म्हणजे आमच्या शे.नं, नियम काढला. आपल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाय, शेजारणीनं घालायचं. म्हणजे कुणी कामाला बाहेरगावी गेलं तरी झाड जगंल. आणि जिच्या हातून झाड मरंल, ती कमिटीतून बाद. दामूदादा, वसाहतीत सगळ्यात म्हातारा माणूस, तो तर मान डोलवत बसला. काय डोकं, काय डोकं!

आता शे.चं घर माझ्या उगवतीला, म्हणून तिचं झाड आमच्या दोघींच्या मधे. माझ्या मोरीचं पाणी तिच्या झाडाला. ती माझ्या झाडाला घालणार.

१० नोव्हें.
दोन्ही रोपं एकाच दिवशी आणलेली, एकाच गाडीतनं. माझं (म्हणजे शे. पाणी घालते ते) कमरेला आलं. तिचं (मी घालते ते) गुडघ्याच्या वर जाईना. देवाशपथ मी रोज घालते! माझ्या दाराशीच तर आहे. ती बिचारी घराला वळसा घालून बादली आणते. बिचारी कसली, लोकांना दिसावं म्हणून हळूहळू चालते.

दामूदादा म्हणतो, "शेवंताच्या हाताला गुण हाय गो."

म्हणजे माझ्या हाताला काय, रोग?

माझं झाड तरारलं की माझाच जीव जळतो. स्वतःचं झाड बघून जळणारी बाई अख्ख्या डोळखांबात मी एकटीच असंन. हे कुणाला सांगायची पण सोय नाय.

२ फेब्रु. २००३
मुरबाडकडच्या एका वसाहतीची माणसं आमची कमिटी कशी चालते ते बघायला आली. जीप भरून. माझ्या घरात शिरून तट्ट्या बघितला, खाली हात धरून बघितला, गार लागतं म्हणाले. मी चहा केला. मग बाहेर येऊन फोटो. माझ्या झाडापाशी, माझ्या भिंतीला, आणि मधे कोण उभी? शे.! बाया पाहुण्यांना सांगतात, "झाड मथुराताईचं, पण जगवलं शेवंताताईनं." कप विसळायला मी.

मी मागल्या दारी जाऊन रडले. राग आला की मला रडू येतं, त्याचा अजून राग येतो.

१६ मार्च
भाताचा युरिया उरला व्हता. भाताला टाकला की चार दिवसांत कसं काळंभोर होतं. मग झाडाला का नाय होणार? मूठभर घातला शे.च्या करंजाला. वर दोन तांबे पाणी. विहीर खाली गेलीय, जास्त कुठनं आणू.

बघू आता. तिचं झाड माझ्या झाडाहून उंच झालं की दामूदादालाच पुढं उभं करीन. सांग म्हणावं, कुणाच्या हाताला गुण.

१९ मार्च
पानांच्या कडा तपकिरी. ऊन असंल.

२१ मार्च
ऊन नाय. ह्यांना सांगितलं. कपाळाला हात लावला. "मूठभर? अगो, भातात पाणी उभं असतं! हितं कोरड्या मातीत मूठभर घातलास तर जळणार नाय तर काय?" आता सुचतंय ह्यांना. मी विचारलं नव्हतं हे खरं. विचारलं असतं तर हसले असते.

२४ मार्च
पानं गळाली. नुसती काडी उभी. विहिरीवर मी गेले की बाया बोलायच्या थांबतात. "जावेनं जाळलं" एवढं ऐकू आलंच.

जन्मात पहिल्यांदा तिचं काय तरी वाढावं असं मला वाटलं व्हतं. मनापासून! आणि ह्याच वेळी...

२६ मार्च
शे. सकाळी झाडापाशी बसली व्हती. माती उकरली, हुंगली. मग माझ्या पडवीतल्या युरियाच्या पोत्याकडं बघितलं. उठून घरात गेली. तेव्हापासनं स्वतःच्या अंघोळीचं पाणी त्याच्या बुडाशी ओततेय. स्वतःचाच नियम मोडून.

बोल ना. भांड माझ्याशी. गप बसून काय मोठेपणा मिरवतेस?

३० मार्च
सभा. दामूदादानं विषय काढला. सगळ्यांच्या माना माझ्याकडं. मी पदर खोचून उठलेच व्हते, तर शे. म्हणते, "युरिया मी घातला. लवकर वाढंल म्हनून. माझी चूक. नियम तो नियम, मी सोडते कमिटी."

कुणी चिडलं? नाव नको. "असूंदे गो, व्हतं मानसाकडनं." दामूदादानं तर डोळे पुसले. मग तोच म्हणाला, आता मथुरेला करा, पुढल्या रविवारी ठरवू.

मी खाली बसले. बोलले नाय. का नाय बोलले?

३१ मार्च
तिच्या घरी गेले, दार ढकलूनच. म्हटलं, "कुनी सांगितला व्हता तुला?"

तांदूळ निवडत व्हती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुझा नाव आला असता तर जावेनं जाळलं, असं जन्मभर बोलली असती लोकं. माझा काय, दोन दिसांत इसरतील."

खरं आहे. तिला माहीत आहे की लोक तिला माफ करतात. मला नाय करत, हे पण तिला माहीत आहे. किती वर्षं माहीत आहे तिला? मला वाटायचं हे फक्त मलाच कळतं.

आणि चूक माझी व्हती. माझी! ती पण तिनंच घेतली.

६ एप्रिल
आज सभा. लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. ह्यांनी विचारलं, "कुनाचं लगीन हाय?" मी निऱ्या सारख्या केल्या.

पहाटे काडीला नखानं खरवडून बघितलं. हिरवं आहे की नाय, अंधारात कळलं नाय. उजाडल्यावर परत बघायचं धाडस झालं नाय.

खरं सांगितलं तर पद गेलं. आणि लोक म्हणणार, बघा शेवंता, जावेची अब्रू झाकली. गप बसले तर तिनं सोडलेल्या खुर्चीत बसायचं, आणि वसाहतीच्या प्रत्येक सभेला ती समोर बसणार, माझ्याकडं बघून गोड हसणार. खरं बोलले तरी तीच मोठी. नाय बोलले तरी तीच.

अध्यक्ष व्हायचंय मला. अजूनपण व्हायचंय. विहिरीचा गाळ, खालच्या तीन घरांचे तट्टे, मला सगळं करता येईल. तिच्याहून चांगलं.

बाहेर तीच हाक मारतेय. "ताई, चल गो, सगली बसलीत." आवाजात काय पण नाय, रोजच्यासारखा.

अजून ठरलं नाय. चालले.