न विचारता चाललेली वाट

रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. आधीच लिहितो की मामा, मामी आणि मी तिघंही धडधाकट आहोत, म्हणजे पत्र हातात पडताच तू मटकन खाली बसायला नकोस. दोन महिने मी फोनवर नीट बोलत नाही अशी तुझी तक्रार आहे. ती खरी आहे. फोनवर माझं वाक्य मध्येच अडतं आणि तुला लगेच कळतं. कागदावर खोडून पुन्हा लिहिता येतं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे.

दुकानातलं काम ठीक चाललं आहे. किल्ल्या घासायचं काम पहिल्या वर्षापासून होतंच, आता कुलपं दुरुस्त करणंही पूर्ण माझ्याकडे आलं आहे. मालक म्हणतात, "तू किल्ली घासतोस की दागिना घडवतोस?" एका किल्लीला पाच मिनिटं पुरतात, मला बारा लागतात. पण माझी किल्ली घेऊन तक्रार करायला परत आलेलं गिऱ्हाईक तीन वर्षांत एकही नाही. तू पाठवलेला स्वेटर कोपरावर विरला होता, तो मामीने बोटांनी चाचपून रफू केला. दिसत नाही म्हणून काही अडत नाही तिचं. जेवण वेळेवर होतं. दादा दर रविवारी आपल्या आई-वडिलांना भेटायला शहरातून येतो, आजही आला होता.

मामा-मामी फिरायला जातात ना, असं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी 'हो' म्हणतो. आई, ते खोटं आहे. एकोणसत्तर दिवस झाले, दोघं फिरायला गेलेली नाहीत.

तुला ती वाट फोटोत दिसली असेल, पण नीट सांगतो. आमच्या गल्लीच्या मागे एक लाकडी फाटक आहे. तिथून शेताच्या कडेने वाट खाली ओढ्यापर्यंत जाते, ओढ्यावर फळ्यांचा पूल आहे, पलीकडे चढ, आणि वर जुनी बंद पडलेली गिरणी. तिथे दगडावर दहा मिनिटं बसायचं आणि परत. मामा तिकडे बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त होऊन इथे परदेशात दादाकडे आले, त्या आठवड्यापासून हे सुरू झालं. सकाळी सातला म्हणजे सातला. दादा नोकरीसाठी शहरात गेला तरी ही दोघं इथून हलली नाहीत, ती या वाटेपायी.

मामीची नजर गेली त्याला आठ वर्षं झाली. पण वाट तिने डोळे होते तेव्हाच पायात भरून घेतली होती. त्यामुळे मामी पुढे आणि मामा मागे असे ते चालतात. पाहणाऱ्याला वाटावं, मामीच मामांना नेते आहे.

खिडकीतून मला रोज ऐकू यायचं. मामा म्हणतात, "डावीकडे दगड आहे हं."

"तो दगड मी तुमच्याआधी पाहिलाय. तुम्ही आपलं मागून या."

त्या शेताचे जुने मालक वारले. नव्या मालकाने ४ ऑगस्टला फाटकाला साखळी घातली. दुसरा रस्ता म्हणजे हमरस्ता, तिथे मालट्रक धावतात आणि कडेला पाय ठेवायला जागा नाही. आणि या वयात नवी वाट मामीच्या पायांना कोण शिकवणार? मग घरातच चालणं सुरू झालं. पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, अकरा पावलं. बरोबर सातला, बूट घालून, मामी पुढे आणि मामा मागे. गेल्या बुधवारपासून मामीने बूट घालणं सोडलं. खुर्चीत बसून राहते. दादा म्हणतो, आता माझ्या इमारतीत चला, नववा मजला आहे, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. आज मामी त्याला म्हणाली, "बाल्कनीत किती पावलं आहेत?" तो म्हणाला, चार.

खालच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेल्या एक कारकूनबाई राहतात. त्यांनी मामांना इथला नियम सांगितला. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता आणि कुणाला न विचारता चालले, तर ती वाट सगळ्यांची होते. मामांनी नगर परिषदेकडे तक्रार केली. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. पण लेखी पुरावा काही नाही. जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या चालण्याची एक ओळ लिहिलेली नाही. म्हणतात, "रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता वेळ पाळायची, लिहायची नाही." बरोबर चालणारे शेजारी कुणी वारले, कुणी गाव सोडून गेले.

आणि त्या दिवशी उठता उठता कारकूनबाई म्हणाल्या, "एकच गोष्ट घात करते. कुणी परवानगी मागितलेली नाही ना? मागितली म्हणजे वाट दुसऱ्याची आहे हे तुम्हीच कबूल केलंत."

मामा हसले. म्हणाले, "एकवीस वर्षांत एकदाही नाही."

मी तेव्हा चहाचे कप गोळा करत होतो. एक कप माझ्या हातातून पडला.

आई, जुलैमध्ये नव्या मालकाचा व्यवस्थापक आमच्या दुकानात साखळी आणि कुलूप घ्यायला आला होता. गल्लीमागच्या फाटकाला लावायचं आहे म्हणाला. जादा तीन किल्ल्या त्याला मीच घासून दिल्या. तो गेल्यावर आमच्या दुकानमालकांनी डोळा मारला, "चौथी घासून ठेव. कोणाला कळणार आहे?" मी ठेवली नाही. तू मला तसं वाढवलेलं नाहीस.

तू जिथे स्वयंपाकाला जायचीस त्या घरी मी एकदा तुला बोलवायला मागच्या अंगणातून पळत आलो होतो, आठवतं? मी आठ वर्षांचा होतो. घरातल्या आजोबांनी ओरडायच्या आत तूच मला दंडाला धरून बाहेर नेलंस, पूर्ण वळसा घालून पुढच्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "आता विचार, येऊ का?" मी विचारलं. त्यानंतर मी विचारल्याशिवाय कुठेच पाऊल ठेवलेलं नाही.

म्हणून मी नव्या मालकाला अर्ज लिहिला. शाळा नववीत सुटली तरी अर्ज कसा असावा ते मला माहीत आहे. आठ दिवस मामीला सहज विचारल्यासारखं करून एकेक तपशील काढून घेतला. शब्दकोश समोर ठेवून इथल्या भाषेत चार पानं लिहिली, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही. शेवटी लिहिलं, तरी माझ्या मामा-मामींना या वाटेने जाण्याची परवानगी द्यावी ही नम्र विनंती. त्यांच्या कचेरीत देऊन 'मिळाले' असा तारखेचा शिक्काही घेतला. उत्तर आलं नाही, कुलूप आलं.

ते पत्र आता त्यांच्या वकिलाजवळ असणारच. गुरुवारी तो ते काढणार. मामा-मामींना मी अजून सांगितलेलं नाही. रोज सात वाजता ठरवतो आणि रोज कामाला निघून जातो.

तुझा,
ज्याला विचारायचं कुठे आणि थांबायचं कुठे हे कळलं नाही, तो


शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

आई, आई, आई!

आधीचं पत्र टाकायचं माझं धाडस झालं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालतो आहे. क्रम चुकवू नकोस, ते आधी वाच. वाचलंस? आता हे वाच.

काल नगर परिषदेच्या वरच्या सभागृहात आम्ही पावणेदहालाच जाऊन बसलो. मामांनी डेपोतून निवृत्त होताना मिळालेला कोट घातला होता. मामीने बूट घातले होते, मीच नाड्या बांधल्या. समोर सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई, एका बाजूला मालकाचा वकील आणि तो व्यवस्थापक.

वकिलाने फार वेळ लावला नाही. पिशवीतून कागद काढला आणि माझं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. "परवानगी द्यावी ही नम्र विनंती. मॅडम, यांच्याच घरातून आलेलं पत्र आहे. आता उरलं काय?"

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आई, ते पाहणं मी कधी विसरणार नाही. रागावलेले नव्हते. गाडी सुटल्यावर फलाटावर पोचलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होते.

अधिकारीबाईंनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

मी उभा राहिलो. "मी. हे माझे मामा. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. चूक सगळी माझी आहे."

"पत्र चार पानांचं दिसतंय. वकीलसाहेबांनी दोनच ओळी वाचल्या."

वकील म्हणाला, "बाकी नुसता तपशील आहे, मॅडम."

"मला तपशीलच हवा असतो," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यालाच वाचू द्या."

मी वाचलं. पहिल्या पानावर शब्दागणिक अडत होतो, दुसऱ्यापासून वाक्यं सरळ आली. एकवीस वर्षांपूर्वी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ही दोघं पहिल्यांदा या वाटेने गेली. तेव्हापासून आजारपण सोडून एकही सकाळ चुकलेली नाही. जुने मालक रोज ट्रॅक्टरवरून टोपी उंच करत, मामा हात उंच करत, आणि इतक्या वर्षांत दोघांत एक शब्दही झाला नाही. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. फाटकाची बिजागरी कोणत्या साली बदलली, ओढ्याला पूर कधी आला, पुलाची कुठली फळी त्यात गेली, सगळं तारखेवार. मला वाटलं होतं, ही दोघं इतकी वर्षं न विचारता चालली म्हणून आधी नीट माफी मागावी, मग परवानगी. म्हणून एवढं लिहिलं होतं, आई.

अधिकारीबाई एकेक तारीख समोरच्या कागदावर उतरवून घेत होत्या.

वकील उठला. "हा मुलगा इथे तीन वर्षांपूर्वी आला. याला एकवीस वर्षांपूर्वीचं काय ठाऊक?"

मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "मला विचारा. सत्तावीस वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर होते, आकडे विसरत नाही. फाटकापासून पूल चारशे बारा पावलं. पुलाला नऊ फळ्या. सहावी नवी, ती पुरानंतरची, बारा वर्षांपूर्वीची. पायाखाली तिचा आवाज वेगळा येतो. तुमच्या व्यवस्थापकांना विचारा, नऊ आहेत की नाहीत."

व्यवस्थापक बोटांवर काहीतरी मोजत होता. मग त्याने मान डोलावली. वकिलाने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या बिचाऱ्याची दया आली.

अधिकारीबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे पत्र खरं म्हणून तुम्हीच दाखल केलंत. शेवटच्या दोन ओळी खऱ्या आणि आधीची पानं खोटी, असं मला चालणार नाही. वीस वर्षं ज्या दिवशी भरली त्या दिवशी ती वाट लोकांची झाली. त्यानंतर एका मुलाने नम्रपणे विचारलं, म्हणून ती परत तुमची होत नाही." आणि कुलूप संध्याकाळपर्यंत काढा, असं लिहून दिलं.

कारकूनबाईंनी मागून टाळी वाजवली आणि मग स्वतःच दचकल्या.

बाहेर पायऱ्यांवर मी मामांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला मध्येच धरलं. मग म्हणाले, "एवढं नीट अक्षर आमच्या अख्ख्या डेपोत कुणाचं नव्हतं. पण पुढच्या वेळी कुणाला काही विचारायचं असेल तर आधी मला विचार."

"झालं!" मामी म्हणाली. "पुन्हा विचारणं आलंच."

मी तिला म्हटलं, "मामी, तुला राग नाही आला?"

"मला जुलैतच कळलं होतं, भाचेबुवा. आठ दिवस फळ्या नि बिजागऱ्या विचारत होतास, तो काय निबंध लिहायला? मी जन्मभर लोकांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलंय. तू कधी सांगतोस, वाट बघत होते."

संध्याकाळी पाचला व्यवस्थापक दुकानात हजर. माझी किल्ली घेऊन परत आलेलं पहिलं गिऱ्हाईक! मालक आतून ओरडले, "आली रे तक्रार!" पण किल्लीचा दोष नव्हता, पावसाने कुलूप आतून गंजलं होतं. आम्ही फाटकाशी गेलो. मी तेलाचे चार थेंब सोडले, थांबलो, आणि माझी बारा मिनिटांची किल्ली एका झटक्यात फिरली. साखळी खाली पडली त्याचा आवाज थेट आमच्या खिडकीपर्यंत गेला. वरून मामीचा आवाज आला, "निघाली का?"

आज सकाळी सातला आम्ही चौघं निघालो, कारकूनबाईसुद्धा. फाटकाच्या खांबावर मामीने क्षणभर हात ठेवला आणि पुढे झाली. मामा घड्याळ बघून म्हणाले, "चौऱ्याहत्तर दिवस लेट." मामी इतकी भरभर चालत होती की मागून आम्हाला धाप लागली. पुलावर सहाव्या फळीवर ती थांबली, टाच दोनदा आपटली आणि मोठ्याने हसली. मामा-मामींना त्या वाटेवर चालताना मी पहिल्यांदाच मागून पाहिलं. तीन वर्षांत मी कधी त्यांच्याबरोबर गेलो नव्हतो, कारण मला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं.

मामांनी तुला इकडे बोलावलं आहे. वसंतात ये, तीन महिने राहा. सात भावंडांतली तू धाकटी, आणि बाकीच्यांसारखं बोट धरून तुला चालायला शिकवायचं राहूनच गेलं असं ते म्हणतात. तू लगेच, घर ज्यांच्या हुकमाने चालतं त्या थोरल्या काकांकडे जाशील आणि दारात उभी राहून 'जाऊ का?' म्हणशील, ते मला इथून दिसतं आहे. तू मला जे शिकवलंस ते चुकीचं नव्हतं. त्याच सवयीने काल आम्हाला जिंकवलं. पण काही वाटा आपण इतकी वर्षं चाललेल्या असतात की त्या आपल्याच असतात.

काकांना सांगून ये, आई. विचारून नको.

तुझा,
मागच्या अंगणातून सरळ पळत आलेला मुलगा