कंसाची दुसरी जोडी

अण्णा, तुम्ही गेल्यापासून दुकानात माझ्याशी वाद घालायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहितेय. नगरच्या आपल्या त्याच अक्षरजुळणीच्या दुकानात आज माझी पाचावर धारण बसली होती. काम गणिताच्या नियतकालिकाचं, पानावर दोन स्तंभ. त्यात अकोल्याच्या एका प्राध्यापिकेचा लेख. या अंकात आला नाही तर तिची पीएचडी लटकणार. आणि एक समीकरण इतकं लांबलचक की स्तंभात मावेना. दोन्ही स्तंभांवर आडवं पसरावं तर लेख ठरलेल्या पानांबाहेर जातो, बारीक करावं तर आकडे वाचता येत नाहीत. शेवटी ते मी कंसाच्या मधोमध तोडून दोन ओळींत बसवलं. उघडलेला कंस त्याच ओळीत बंद करा, हा कॉम्प्युटरचा हट्ट. त्याला न दिसणारा कंस देऊन गप्प करता येतं, ते मला येतंही. पण कंटाळा केला. पहिल्या ओळीत कंस बंद केला, दुसरीत नवा उघडला. तिनंही प्रूफ पाहून होकार दिला आणि फाइल छापखान्यात गेली.

दुपारी जेवताना माझाच आगाऊपणा आठवला. तुमचं आयुष्य छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं, शाळा सातवीपर्यंत. मी कॉम्प्युटरवर केलेल्या पहिल्या गणिताच्या पुस्तकाच्या प्रूफावर बोट ठेवून तुम्ही कंस मोजत होता. मी गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "अण्णा, तुम्हाला यातलं काय कळतं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कळत न्हाई म्हनूनच मोजतुय. शेजारी मूळ कागद ठिव आन तूबी मोज." तेव्हा मी मोजले नाहीत. आज हात धुऊन मोजते. तिच्या कागदावर कंसाची एक जोडी, माझ्याकडे दोन. बाहेरचा गुणक आता अर्ध्याच भागाला लागतोय, म्हणजे पुढचं सगळं गणित खोटं.

छापखान्यात फोन लावला. "ताई, प्लेट चढली हाय, मशीन चालू करतुय." "हात लावू नका!" मी ओरडलेच. दोन्ही जादा कंस काढले, त्यांच्या जागी न दिसणारे घातले, फाइल पाठवली आणि नवी प्लेट निघेपर्यंत फोन कानाला लावून उभी राहिले.

संध्याकाळी प्राध्यापिकेचा फोन आला. "ताई, कंस चुकला होता ते छापखान्यातून कळलं मला. माझ्याच कागदात चुकलं असणार, लई घाईत लिहिलं होतं. तुम्ही होतात म्हणून वाचले हो." रडत होती बिचारी. मी म्हणाले, "असू द्या, होतं असं कधीकधी."

अण्णा, तिचा कागद बरोबर होता. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तर इथे लिहिता आलं.