डाव्या गालाची कोरी जागा

अण्णा, आई गेली. तुमच्यानंतर तीसेक वर्षं राहिली ती. शेवटचे काही महिने इथे पुंडलिकनगरात, माझ्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर होती. हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले, पण खरं म्हणजे मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तुमच्यासमोर माझी कॉन्व्हेंटची भाषा अडखळायची आणि तुम्ही म्हणायचात, "काय ते मराठीत सांग." आता मराठीतच सांगते.

आई दवाखान्यात ड्यूटीला गेली की दुपारी स्वयंपाकघर तुमचं व्हायचं. पाट मांडून तुम्ही अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला बसायचात. स्टेशनकडच्या दुकानात त्या पर्यटकांसाठी टांगल्या जायच्या. मी शाळेचा गणवेश न बदलताच चहाचं गार पाणी कागदावर फिरवायची, कागद जुना दिसावा म्हणून. मग तुम्ही माझा हात हातात धरून लेण्यातली ती चवरी धरलेली दासी माझ्याकडून काढून घ्यायचात. तिच्या डाव्या गालावरचा गिलावा कधीचाच गळून पडलेला, तिथे नुसती कोरी भिंत. गिऱ्हाइकाला ती पडझडही हवी असते, म्हणून तुम्ही कडेच्या भेगांसकट तीही मन लावून उतरवायचात. डोळे, ओठ, बोटं यांच्याइतकीच मन लावून. एका मे महिन्यात मला त्या बाईची दया आली. तुम्ही बाहेर गेला होतात. मी तिचा गाल पुरा करून टाकला, हसताना खळी पडेल असा भरलेला. तुम्ही आलात, पाहिलंत, ओरडला नाहीत. दाढीचं ब्लेड आणलंत आणि तो गाल सावकाश खरवडून काढलात. "तू कोण गं पुरं करणारी? लई शहाणी झाली व्हय? भिंतीवर नाय ते कागदावर बी नाय." उरलेली सगळी सुट्टी मी तो गाल न काढण्यात घालवली. एखादी गोष्ट न काढायला शिकणं फार अवघड असतं, अण्णा. पण हात शिकतो. हाताला बरं-वाईट कळत नाही, त्याला फक्त ‘पुन्हा, पुन्हा’ एवढंच कळतं.

शाळेत चित्रकलेच्या सिस्टर नेमकं उलटं सांगायच्या. "आँखें बंद करो, जो दिखता है वो बनाओ." मी डोळे मिटले की मला तीच बाई दिसायची. चित्रकलेच्या परीक्षेत स्मरणचित्राला 'बसस्टँडवरची गर्दी' असा विषय आला. मला आनंद झाला, कारण गंगापूरला आत्याकडे जाताना ती गर्दी मी शंभरदा पाहिली होती. पाट्या घेतलेल्या बाया, कडेवरची पोरं, खिडकीतून जागा धरायला टाकलेले रुमाल. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि पेन्सिल मात्र आपल्या वाटेनं चालली. एसटीत चढणाऱ्या बाया कंबरेत लचकून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पापण्या झुकलेल्या. कंडक्टरनं तिकीट असं धरलं होतं की जणू कमळच. आणि पुढच्या बाईचा डावा गाल कोरा. सिस्टर तो कागद बघून हळहळल्या. "इस औरत को क्या हुआ? जल गयी क्या?" मी नापास झाले. घरी येऊन रडत तुम्हाला सगळं सांगितलं, तसंच चित्र पुन्हा काढून दाखवलं. तुम्ही ते खिडकीपाशी नेलंत आणि हसलात. इतकं खूश झालेलं तुम्हाला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "बसला हात! आता भिंत बघायची बी गरज नाय तुला." तुमचा खारीच्या केसांचा बारीक ब्रश, ज्याला मला शिवायचीही बंदी होती, तो तुम्ही त्या दिवशी मला दिलात. मी तो घेतला. चित्रांच्या शाळेत जायचं मनातून काढून टाकलं ते त्याच आठवड्यात. पुढे बँकेत लागले, लग्न झालं, निवृत्त झाले, आणि त्या सगळ्या वर्षांत हातात पेन्सिल धरली ती सह्या आणि आकडेमोडीपुरती.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा वाटलं, एवढं एक करावं. हा चेहरा जायच्या आत माझ्या डोळ्यांनी बघून एकदा काढावा. फोटो आहेत, पण फोटोत ती नेहमी नर्ससारखी ताठ, कुणाला तरी इंजेक्शन द्यायला निघालेली. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसायचे. खोल गेलेले डोळे, तोंडाचं बोळकं, मान कलती. मी बघून काढत होते तरी हात आठवून काढत होता. कागदामागून कागद झाले. प्रत्येकावर तीच लांब डोळ्यांची बाई, पापण्या झुकलेल्या, डावा गाल कोरा. मी खोडायचे, भरायचे, आणि भरलेला गाल उसना वाटून पुन्हा खोडायचे. आई उशीवरून बघत असायची. "हे मी व्हय? मला तर लेण्यातली वाटती."

"अगं, प्रयत्न करतेय ना."

"बाप मेला तरी हात सोडंना तुझा," ती म्हणाली.

एके दिवशी मी चिडून पेन्सिल फेकली. ती तिच्या गोधडीवर पडली. आईनं ती उचलली, थर्मामीटर झटकावा तशी दोनदा झटकली आणि म्हणाली, "आण इकडं तो कागद." आयुष्यात तिनं दवाखान्यातल्या तक्त्यांवरच्या तापाच्या रेघांपलीकडे काही काढलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेत तिनं एक वेडावाकडा गोल काढला, दाबून, कागद जवळजवळ फाटेपर्यंत. "इथं मस हाय माझा. जन्मभर आरशात बघतीय मी. तुम्हा बापलेकीला नाय दिसला कधी." मग कानापासून हनुवटीकडे गालाची रेघ ओढायला गेली. हात थरथरला, रेघ घसरली, कागदाबाहेर गोधडीवर गेली. स्वतःचंच तोंड बघून ती खुदखुदली. "झाले मी. लाव भिंतीला."

चार दिवसांनी ती गेली. कागद मी भिंतीला लावला. त्यात माझं जे काही आहे ते सगळं तुमचं आहे, अण्णा, आणि तो एक गाल तेवढा जिवंत आहे. तुम्हाला कधी असं वाटलं होतं का, की एखादा चेहरा आपला आपण काढावा? की तुमचाही हात कुणीतरी असाच लहानपणी बसवला होता? विचारायला हवं होतं. तुम्ही असतात तर "भिंत बघ" म्हणाला असतात.

आई गेल्यापासून रोज सकाळी मी तिची ती गालाची रेघ काढायला बसते. ती तिला कशी आली, एवढंच कळावं म्हणून. परवा ती जमली. तोच दाब, तीच थरथर, आणि तिची पेन्सिल घसरली होती तिथेच माझीही घसरली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा क्षणभर मलाच कळेना, आईचा कोणता. आपल्या घरात कुणी न शिकवता उमटलेली ती एकच रेघ होती, आणि तिचीही मी नक्कल करून टाकली.

हे पत्र कुठे धाडणार? त्या दोन कागदांच्या मागे खोचून ठेवीन. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. रेघ जमली तेव्हा मला रडू आलं नाही. फार आनंद झाला.